वेड पांघरलेला राजपुत्र आणि ती मुलगी

गेल्या महिन्यात पुण्यात एका नाट्यवाचनाला गेलो होतो. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चं मराठी वाचन आणि मग चर्चा. व्यासपीठावर एक ज्येष्ठ नट, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक. विषय ठरलेलाच: हॅम्लेट खरंच वेडा होता, की वेडाचं सोंग घेत होता? नट म्हणाले, शंभर टक्के सोंग, करून बघा म्हणजे कळेल. डॉक्टरांनी लक्षणं मोजून दाखवली: जगण्यातला रस गेलेला, वाईट स्वप्नं, मरणाचे विचार, मधूनच उसळणारा संताप. प्राध्यापकांनी मधला रस्ता काढला. सोंग घेता घेता ते अंगात भिनलं, म्हणाले. तास असा गेला. शेवटी मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि माइक यायची वाट न बघता त्यांनी विचारलं, “आणि ती मुलगी?” सूत्रसंचालकाने घड्याळाकडे पाहिलं. प्रश्न महत्त्वाचा आहे पण वेळेअभावी, वगैरे. मग चहा आला.

तो चहा घेता घेता मला जे वाटलं ते आधीच सांगून टाकतो. हॅम्लेट वेडा की शहाणा हा वाद आपण उगाच घालतो, आणि तो घालताना आपण नकळत हॅम्लेटचंच काम करत असतो. हा प्रश्न त्यानेच पेरून ठेवला आहे. काकानेच मला मारलं, सूड घे, असं बापाचं भूत सांगून गेल्यावर पहिल्या अंकाच्या शेवटी तो मित्रांना बजावतो: यापुढे मी तऱ्हेवाईक वागताना दिसलो, तर हाताची घडी घालून, मान हलवून, ‘आम्हाला माहीत आहे बरं का’ असं सुचवूसुद्धा नका. मराठीत याला फार नेमका शब्दप्रयोग आहे, वेड पांघरून पेडगावला जाणे. हा राजपुत्र पांघरूण घेऊन केव्हाच पुढे गेला आणि आपण चारशे वर्षं पेडगावच्या वेशीवर भांडत उभे आहोत की पांघरुणाखाली खरा वेडा होता की खोटा. उत्तर कोणतंही आलं तरी फायदा त्याचाच. खरा असेल तर दोष नाही. खोटा असेल तर काय हुशारी! मधल्या मध्ये पडद्यामागे भोसकलेला म्हातारा, परदेशी पाठवून मारवलेले दोन मित्र आणि ओढ्यात बुडालेली त्या म्हाताऱ्याची मुलगी, हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया, एवढे सगळे हिशेबातून सुटतात.

आता डॉक्टरांची बाजू. ती मला हलक्याने घ्यायची नाही, कारण ती बरीच भक्कम आहे. भूत भेटायच्या आधीच, सोंग घ्यायचा विचारही मनात नसताना, हॅम्लेट एकटा उभा राहून म्हणतो की हे शरीर वितळून जाईल तर बरं, आणि देवाने आत्महत्येला बंदी केली नसती तर किती बरं. तिथे ऐकायला कोणी नाही, म्हणजे ते कोणाला दाखवण्यासाठी नाही. बाप जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत आणि आईने दिराशी लग्न लावलं आहे. पुढे आईच्या महालात तेच भूत त्याला दिसतं, आईला दिसत नाही. पहिल्या अंकात ते पहारेकऱ्यांनाही दिसलं होतं, हे लक्षात घेतलं तर या बदलाने कोणीही अस्वस्थ होईल. ‘मेलंकली’, म्हणजे खोल उदासी, हा त्या काळी इंग्लंडमध्ये मानलेला, वैद्यांनी वर्णन केलेला आजार होता. टिमथी ब्राइट नावाच्या वैद्याचा त्यावरचा ग्रंथ १५८६ चा आहे, नाटकाच्या दीड दशक आधीचा. आणि यापलीकडची एक गोष्ट. मन खचलेल्या माणसाला ‘नाटकं करतो’ म्हणणाऱ्या घरांत आपल्यापैकी बरेचजण वाढले आहेत. अशा समाजात एखादा डॉक्टर उभा राहून म्हणतो की हा मुलगा आजारी आहे, त्याला आळशी किंवा भेकड म्हणू नका, तर त्याने भलंच केलं. हॅम्लेट दुःखाने पोखरलेला आहे हे मला मान्य आहे. पूर्ण मान्य आहे.

पण त्या दुखण्याने नेमकं काय काय समजावून सांगता येतं? पोलोनियसच्या, म्हणजे ऑफेलियाच्या म्हाताऱ्या बापाच्या, खुनापर्यंत कदाचित येतं. पडद्यामागे हालचाल होते, हॅम्लेट न बघता तलवार खुपसतो, त्याला वाटतं राजा असेल. क्षणाचा झटका म्हणा हवं तर. (नंतर त्या प्रेताला ओढत नेणं आणि ‘महिनाभरात सापडलं नाही तर जिन्यातून जाताना वासाने कळेल’ असं म्हणणं कोणत्या रकान्यात बसवायचं ते ज्याने त्याने ठरवावं.) पण त्यानंतरची जहाजावरची रात्र घ्या. रोझेन्क्रान्ट्झ आणि गिल्डेनस्टर्न हे लहानपणचे सोबती त्याला इंग्लंडला घेऊन चालले आहेत. झोप येत नाही म्हणून हा अंधारात उठतो, चाचपडत त्यांचा खलिता काढतो, उघडतो. आत त्याचंच डोकं उडवायचा हुकूम. मग तो बसून नवा खलिता लिहितो. कारकुनी वळणाचं सुबक अक्षर लहानपणी गिरवलेलं होतं, ते उच्चकुलीनांना शोभत नाही म्हणून विसरायचा प्रयत्न केला होता, ते आज कामी आलं, असं स्वतःच सांगतो. बापाची मुद्रा थैलीत होती, ती उमटवतो. घडी जशी होती तशी घालतो आणि जागच्या जागी ठेवतो. मजकूर काय? हे पत्र आणणाऱ्या दोघांना ताबडतोब ठार करा, कबुलीजबाबालाही वेळ देऊ नका. खलित्यात काय आहे हे त्या दोघांना ठाऊक होतं याचा नाटकात कुठे पुरावा नाही. त्याचा मित्र होरेशिओ दबकत म्हणतो, म्हणजे ते दोघे गेले. हॅम्लेटचं उत्तर: माझ्या मनाला त्याचं काही नाही, त्यांनीच हे काम अंगावर ओढून घेतलं.

त्या ‘कबुलीजबाबालाही वेळ देऊ नका’वर जरा थांबायला हवं. हॅम्लेटच्या बापाच्या भुताची तक्रार काय होती? भावाने मला मारलं ही तर होतीच. पण जास्त जळफळाट कशाचा, तर झोपेत मारलं, पापांची कबुली देता आली नाही, अखेरचा धर्मविधी मिळाला नाही, म्हणून आता आगीत होरपळतो आहे. म्हणजे बापाच्या बाबतीत जो अन्याय झाला म्हणून हे सगळं आरंभलं, अगदी तोच अन्याय मुलगा शांत डोक्याने, सुवाच्य अक्षरात, दोघा मित्रांवर करतो. क्लॉडियस, म्हणजे राजा झालेला काका, प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेला असताना तलवार म्यान करतो तेही याच हिशेबाने: आत्ता मारला तर स्वर्गात जाईल, दारू पिताना किंवा पलंगावर सापडला तर सरळ नरकात. इंग्रज समीक्षक डॉ. सॅम्युअल जॉन्सनने शेक्सपियरच्या नाटकांच्या १७६५ च्या आपल्या आवृत्तीत लिहिलं की हे भाषण वाचवत नाही आणि बोलवत नाही इतकं भीषण आहे. त्यात भ्रम कुठे आहे? उलट फार हिशेबी, फार सुसंगत डोकं आहे. कायदा आजही हेच विचारतो. आपल्याकडच्या दंड संहितेतलं जुनं कलम ८४, म्हणजे आत्ताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम २२, आजाराचं नाव विचारत बसत नाही. कृत्य करताना आपण काय करतो आहोत, ते चूक आहे की नाही, हे कळण्याची क्षमता होती का, एवढंच विचारतं. जहाजावरच्या त्या रात्री हॅम्लेटकडे ती क्षमता नव्हती असं म्हणायला मी तरी धजावणार नाही. दुःख खरं आणि अपराधही खरा, या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात. आपल्या चर्चांना मात्र त्या एकत्र पेलवत नाहीत.

सोंगवाल्यांचंही काही कमी चुकत नाही. त्यांच्या मते सोंग हा सूडाच्या आखणीचा भाग. पण ते सोंग कशासाठी, हे कधी धड सांगितलं जात नाही. मूळ कथेत कारण होतं. सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने बाराशेच्या सुमारास लिहिलेल्या गोष्टीत काकाने उघडपणे भावाला मारलेलं आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि मुलगा आम्लेथ शहाणा दिसला तर पुढचा नंबर त्याचा. म्हणून तो चुलीच्या राखेत लोळतो, बरळतो, वेळ काढतो. शेवटी भर दरबाराला आग लावतो, काकाला मारतो आणि राजा होतो. तिथे वेडाचं पांघरूण जीव वाचवतं. शेक्सपियरने खून गुप्त केला, आणि तिथेच पांघरुणाची गरज संपली. क्लॉडियसला पुतण्यावर संशय यायचं काही कारणच नव्हतं, तो आला या विचित्र वागण्यामुळे. जॉन्सननेच नोंदवलं आहे की या सोंगाला पुरेसं कारण दिसत नाही, शहाणा राहून जे करता आलं नसतं असं काहीच तो वेडाच्या आड करत नाही. मला यात एकच भर घालायची आहे. एक गोष्ट तो वेडाच्या आड करतो. ऑफेलियाला तोडून बोलतो. तिच्या खोलीत अस्ताव्यस्त कपड्यांत शिरून मनगट धरतो, काही न बोलता बराच वेळ बघत राहतो, निघून जातो. पुढे तिला मठात जा म्हणून झिडकारतो, भर दरबारात तिच्या मांडीवर डोकं ठेवायच्या गोष्टी करतो. राजाला फसवण्यासाठी विणलेलं पांघरूण त्याच्या बाबतीत फाटकंच निघालं. क्लॉडियस तर एका प्रवेशात ओळखतो: बोलणं जरा विस्कळीत आहे, पण हे वेड नव्हे. फसली ती एकटी मुलगी.

यावर एक भारदस्त आक्षेप येतो. तुम्ही आजचं नीतिशास्त्र घेऊन चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकात शिरता, त्या काळी बापाच्या खुनाचा बदला हे मुलाचं कर्तव्य होतं. अर्धं बरोबर आहे. १५८४ मध्ये इंग्लंडच्या सरदार-दरकदारांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या होत्या की राणी एलिझाबेथच्या जिवावर कोणी उठलं, तर त्याचा, आणि ज्याच्या फायद्यासाठी तो उठला त्याचाही, मरेपर्यंत पाठलाग करू. सूड हा असा सही-शिक्क्याचा मामला होता. रंगभूमीवर तर त्याचा हंगामच होता. टॉमस किडच्या ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’तला हिएरोनिमो मुलाच्या खुनाने भ्रमिष्ट होतो, दरबारातच नाटक बसवतो, नाटकातल्या तलवारींनी खरे मुडदे पाडतो आणि शेवटी स्वतःची जीभ चावून तोडतो. प्रेक्षक ते पुन्हा पुन्हा बघायला येत. पण त्याच काळात पुरोहित आणि न्यायाधीश सूडाला पाप आणि गुन्हा म्हणत होते, आणि निबंधकार फ्रान्सिस बेकनने पुढे सूडाला रानटी न्याय म्हटलं. म्हणजे तो काळ एकमताचा नव्हता. त्याच्याही फार आधी, इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये, अथेन्सच्या प्रेक्षकांनी ग्रीक नाटकातल्या ओरेस्टिसला बघितलं होतं. बापाच्या खुनाबद्दल त्याने आईला मारलं आणि त्या क्षणी सूडाच्या देवता त्याच्या मागे लागल्या. तिथे वेड सूडाच्या नंतर येतं, केल्याची शिक्षा म्हणून. प्रकरण कोर्टात जातं, मतं समसमान पडतात आणि अथीनाच्या मताने तो सुटतो. आपल्याला अश्वत्थामा आठवायला हरकत नाही. बापाला कपटाने मारलं हे त्याचं दुःख शंभर टक्के खरं, आणि झोपलेल्या छावणीत त्याने जे केलं तेही तेवढंच खरं. महाभारताने त्याला वेडा ठरवून सोडून दिलं नाही. भळभळती जखम दिली.

शेक्सपियरने तर आपलं म्हणणं नाटकातच मांडून ठेवलं आहे, फक्त ते हॅम्लेटच्या तोंडी नाही. ते ऑफेलियाच्या भावाकडे, लेअर्टिसकडे, बघितलं की दिसतं. त्याचाही बाप मारला गेला. तो फ्रान्सहून येतो, जमाव घेऊन राजवाड्याचं दार फोडतो, सद्सद्विवेक आणि देवाची कृपा गेली खड्ड्यात म्हणतो. क्लॉडियस विचारतो, बापाचा मुलगा आहेस हे दाखवायला काय करशील? हा म्हणतो, चर्चमध्ये त्याचा गळा चिरीन. मग जडीबुटीवाल्याकडून आणलेलं विष तलवारीच्या टोकाला लावायची योजना तो स्वतः होऊन सुचवतो. या सगळ्याला दरबारात कोणी वेड म्हणतं का? एकही माणूस नाही. राजा त्याला खरा बापाचा मुलगा म्हणतो. माणसाचं डोकं फिरलं आहे याची एवढी स्वच्छ लक्षणं दुसरीकडे कुठे नाहीत, पण त्याच्या करणीला आधीपासून एक प्रतिष्ठित नाव आहे, म्हणून तो वेडात गणला जात नाही. वर्तमानपत्रांच्या भाषेकडे जरा बघा. कोणी अनोळखी माणसाने हल्ला केला की तो ‘माथेफिरू’. घरच्याच माणसाने बहिणीच्या नवऱ्याला कोयत्याने मारलं की ते ‘रागाच्या भरात’, ‘प्रतिष्ठेपायी’. पहिला आजारी, दुसरा भावनेच्या आहारी गेलेला. आठ दिवस आधी कोयता विकत आणणाऱ्याला कुठला आलाय भर?

वेडा कोणाला म्हणायचं हे मग ठरवतं कोण? एल्सिनोरमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या त्या राजवाड्यात, ते क्लॉडियस ठरवतो. थोरामोठ्यांच्या वेडावर पहारा ठेवायलाच हवा, हे त्याचं वाक्य आहे आणि ते वैद्याचं नाही, राज्यकर्त्याचं आहे. मराठीत ‘हॅम्लेट’ ज्या वाटेने आलं ती वाट या वाक्याच्या अगदी दारातून जाते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेड लागलं आहे असं कारभारी आणि इंग्रज अधिकारी सांगत होते. वेड लागलेलं नाही, छळ करून लावलं जातं आहे, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ म्हणत होते. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी जी पत्रं त्यांनी पुढे केली ती बनावट ठरली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. शिक्षा चार महिन्यांची, भोगली १०१ दिवस. त्या कोठडीत आगरकर ‘हॅम्लेट’च्या भाषांतरात गुंतले होते. १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ नावाने छापलं गेलं आणि पुढे नट गणपतराव जोशींनी हॅम्लेट असा गाजवला की मराठी माणसाने त्याला आपल्यातच घेतला. त्या नावाची मला नेहमी गंमत वाटते. विकार म्हणजे मनोविकार, राग-लोभ-मत्सर. आणि विकार म्हणजे आजारही. जो भेद आपण तासभर घोळवत बसलो, तो आगरकरांच्या शब्दाने मिटवूनच टाकला आहे.

त्या खटल्याचं मला खरं खुपतं ते वेगळंच. एका बाजूला वेडा म्हणणारे, दुसऱ्या बाजूला वेडा केला म्हणणारे. दुसऱ्या बाजूचा हेतू चांगला होता, पुरावा खोटा निघाला. दोन्हीकडून छापील मजकुराचे ढीग पडले. आणि विशीतला तो मुलगा? त्याला नगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि डिसेंबर १८८३ मध्ये एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत तो तिथेच गेला. पुढच्या वर्षी कागलहून दत्तक घेतला गेला, ते शाहू महाराज, म्हणून कोल्हापूरच्या इतिहासाचं ते पान आपण चटकन उलटतो. निदानावर एवढा कडाक्याचा वाद चालू असताना ज्याचं निदान चाललं आहे तो माणूस मरून जातो. याची सवय नाटकातल्या लोकांनाही आहे.

म्हणून मागच्या रांगेतल्या बाईंकडे वळतो. ऑफेलिया चौथ्या अंकात येते तेव्हा १६०३ च्या पहिल्या छापील प्रतीत तिच्यासाठी रंगसूचना आहे: हातात ल्यूट हे तंतुवाद्य, केस मोकळे, गात येते. मोकळ्या केसांचा अर्थ तिथल्या प्रेक्षकाला लगेच कळे, ही वेडी. आपल्या प्रेक्षकाला दुसरंच आठवेल. आपल्या रंगभूमीवर केस मोकळे सोडून उभी असलेली बाई म्हणजे द्रौपदी, आणि ते केस म्हणजे चालू असलेला हिशेब. ‘वेणीसंहार’ हे संस्कृत नाटक संपतं ते भीमाने रक्ताळल्या हातांनी तिची वेणी घातल्यावर. हेच मोकळे केस एका ठिकाणी सूडाची मुदत मोजतात आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते विस्कटतात. फरक कुठे पडला? ऑफेलियाने कोणावर सूड घ्यायचा? बापाला मारणारा तिचा प्रियकर. त्याला शिक्षा न करता गुपचूप परदेशी पाठवणारा राजा. बापाला रातोरात, विधींशिवाय पुरलेलं. भाऊ फ्रान्समध्ये. हॅम्लेट आणि लेअर्टिस यांच्या दुःखाला सूड नावाचा एक रस्ता तरी होता, वाईट का असेना. तिच्या दुःखाला तोही नाही. ते आतच फिरत राहतं.

आणि ती बोलते काय? गाणी म्हणते. मेलेल्या माणसाच्या डोक्याशी हिरवळ, पायाशी दगड असं एक. लग्नाचं वचन देऊन मुलीला फसवणाऱ्या पोराचं एक, ते जरा ग्राम्यच आहे, दरबारात कोणाला बघावं सुचत नाही. मग फुलं वाटते. आठवणीसाठी रोझमेरी, विचारांसाठी पॅन्सी. बडीशेप आणि कोलंबाइन कोणाला तरी देते. रू नावाची कडू वनस्पती थोडी दुसऱ्याला, थोडी स्वतःला ठेवते आणि म्हणते, तुम्ही ती वेगळ्या रीतीने मिरवायला हवी. व्हायोलेटही दिली असती, पण बाबा गेले तेव्हा ती सगळी सुकली. कोणतं फूल कोणाला हे शेक्सपियरने लिहिलेलं नाही, ते दिग्दर्शक ठरवतो. बडीशेप खुशामतीची आणि कोलंबाइन बदफैलीची खूण मानली जाई, आणि रू पश्चात्तापाची. समोर राजा उभा, राणी उभी. ही वेडी मुलगी त्या खोलीतलं एकमेव खरं आरोपपत्र वाचते आहे, आणि तेही फुलांच्या भाषेत, म्हणजे कोणाला उत्तर द्यायची गरज नाही. हॅम्लेटने त्याच राजाला पकडायला नाटक बसवलं, नट सांगितले, ओळी लिहून दिल्या, केवढा खटाटोप. हिने मूठभर पाला आणला.

तिचं बोलणं नुसती बडबड, असं सांगत आलेला दरबारीच पुढे कबूल करतो की ऐकणारे ते तुकडे गोळा करून आपापल्या मनातल्या विचारांना बेतून शिवतात. म्हणूनच कोणीतरी सुचवतं की तिला भेटलेलं बरं, नाहीतर वाईट डोक्यांत नसते संशय पेरील. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे. तिच्यावर पहारा ठेवा म्हणतात, तेवढ्यापुरता हॅम्लेट आणि ती समान. लेअर्टिस तिला बघतो आणि म्हणतो, तू शुद्धीवर असतीस आणि मला सूड घ्यायला सांगितलं असतंस तरी मी एवढा पेटलो नसतो. म्हणजे बहिणीचं वेडही त्याने आपल्या सूडाच्या खात्यावर जमा केलं. तिच्याजवळ बसायला मात्र तो थांबत नाही, राजाबरोबर आत जातो. त्याच अंकाच्या शेवटी ती बुडाल्याची बातमी येते.

काहीजण म्हणतील, नाटकाचं नाव ‘हॅम्लेट’ आहे, पाच प्रवेशांच्या मुलीला तुम्ही मध्यभागी आणता, ही आजची फॅशन. मग पाचवा अंक तिच्या खड्ड्याने का सुरू होतो, हे सांगा. दोन खणणारे वाद घालतात: तिने जीव दिला असेल तर चर्चच्या आवारात पुरायचं कसं? त्यातला एक कायद्याच्या गमजा करतो, कृतीला तीन शाखा असतात म्हणे, करणं, वागणं आणि पार पाडणं. माणूस पाण्याकडे गेला की पाणी माणसाकडे आलं, यावर सगळं अवलंबून. हसायला येतं, पण ही खऱ्या खटल्याची टवाळी आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. सर जेम्स हेल्स नावाच्या न्यायाधीशाने १५५४ मध्ये नदीत जीव दिला, आणि त्याची जमीन सरकारजमा होते की विधवेला मिळते यावर १५६२ मध्ये वकिलांनी कृतीचे असेच तीन भाग पाडून कीस काढला. विधवा हरली. भ्रमात मेला तर अभागी, शुद्धीत मेला तर गुन्हेगार. वेड की शहाणपण या प्रश्नाला तिथे रोकडी किंमत होती. (आपल्याकडे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला २०१७ चा कायदा यावा लागला.) दुसरा खणणारा मात्र स्वच्छ बोलतो: ही मोठ्या घरची नसती तर तिला बाहेरच पुरली असती.

हॅम्लेटला एवढं सूक्ष्म निदान सोसावं लागत नाही. तो शेवटच्या प्रवेशात, द्वंद्वाआधी, लेअर्टिसचा हात हातात घेऊन माफी मागतो. शब्द असे: लेअर्टिसचं वाईट हॅम्लेटने केलं का? कधीच नाही. हॅम्लेट स्वतःपासून दूर गेलेला असताना ते झालं. मग कोणी केलं? त्याच्या वेडाने. आणि तसं असेल तर हॅम्लेट स्वतःच पीडितांच्या बाजूचा, वेड हा बिचाऱ्या हॅम्लेटचा वैरी. आईला त्याने ठासून सांगितलं होतं, माझी नाडी तुझ्याइतकीच संथ आहे, मी खरा वेडा नाही, डावपेचाने वेडा आहे. त्याच तोंडाने हे. जॉन्सनला इथेही राहवलं नाही, हॅम्लेटने दुसरा काही बचाव घ्यायला हवा होता, भल्या आणि शूर माणसाला खोट्याच्या आड लपणं शोभत नाही, असं तो लिहून गेला. सोंगवाले आणि आजारवाले दोघेही या माफीवर पुरावा म्हणून बोट ठेवतात. पुन्हा वाचताना मला तिच्यात काय नाही ते दिसलं. पोलोनियसचं नाव नाही. ऑफेलियाचं नाही. आदल्याच प्रवेशात तिच्या खड्ड्यात उडी मारून चाळीस हजार भावांहून माझं प्रेम जास्त असं गर्जणारा माणूस या अख्ख्या प्रवेशात तिचा उल्लेख करत नाही. आणि कोणीच करत नाही.

शेवटी नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास येतो. त्याचाही बाप मारला गेला होता, हॅम्लेटच्याच बापाकडून, पण त्याने तो सूड केव्हाच सोडून दिला होता आणि आता त्याला आयतं राज्य मिळतं. त्याचा पहिला हुकूम: चार कप्तानांनी हॅम्लेटला सैनिकासारखं उचलून मंचावर न्यावं, तोफा झाडाव्यात. त्याच्या आदल्या प्रवेशात आणखी एक अंत्ययात्रा जाते. लांबून ती येताना बघून, कोणाची आहे ते ठाऊक नसताना, हॅम्लेटने होरेशिओला विचारलं होतं, एवढ्या तुटपुंज्या विधींनी कोणाला नेताहेत? पुरोहित म्हणत होता, हिच्यावर खरं तर खापऱ्या आणि दगडगोटेच टाकायला हवे होते. राणीने फुलं टाकली.